आपल्यापुरती हमी

गेल्या थंडीत कोकणातल्या एका गावी वलिम्याला गेलो होतो. जेवणे उरकली होती. पुरुषमंडळी मांडवात खुर्च्या ओढून बसली होती. बोलता बोलता गाझाचा विषय निघाला आणि सगळ्यांचे आवाज जड झाले. ते साहजिकच होते. तेवढ्यात पुण्यात नोकरीला असलेला, शिकलेला, पाच वक्त नमाज पढणारा एक तरुण म्हणाला, "सर, काहीही म्हणा, हिटलर बरोबर होता. एक तर लोकांनी त्याला निवडून दिला होता. दुसरं, त्यानं जे केलं ते कायदा करून केलं. आणि तिसरं म्हणजे, त्या लोकांना त्यानं बरोबर ओळखलं होतं."

दोघेतिघे हसले. एका हाजीसाहेबांनी मान डोलावली. विरोध कोणीच केला नाही. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या मीसुद्धा पानाचे तबक पुढे ओढले आणि गप्प बसलो. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याचा कफ्फारा समजावा.

त्या मुलाला मी एकट्याला दोष देत नाही. आपल्या राज्यातल्या बसस्टँडवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवर 'माझा लढा' व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. ते विकत घेणाऱ्यांत आपलीही मुले असतात. गंमत अशी की हाच गृहस्थ दुसऱ्या बाजूलाही प्रिय आहे. १९३९ साली मा. स. गोळवलकर यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या 'वुई ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड' या पुस्तकात जर्मनीचा वंशाभिमान हिंदुस्थानने घ्यावा असा धडा म्हणून मांडला होता. त्या धड्यात ज्यूंच्या जागी कोणाला बसवायचे हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही आपला मुलगा त्याच माणसाचे गोडवे गातो! म्हणून त्याची तिन्ही विधाने एकेक करून तपासू. मात्र आधीच सांगतो, मला खरे बोलायचे आहे ते चौथ्याच गोष्टीबद्दल. हिटलरच्या सत्तेचा पाया पक्का झाला तो १९३३ सालच्या साडेपाच महिन्यांत. त्यातला सर्वांत मोठा दगड एका धार्मिक अल्पसंख्याक समाजाच्या पक्षाने आपल्या हाताने बसवला. ती गोष्ट आपण मुसलमानांनी नीट वाचली पाहिजे.

निवडून दिला होता?

स्वतंत्र आणि खुल्या निवडणुकीत जर्मन जनतेने हिटलरला बहुमत कधीही दिले नाही. जुलै १९३२ मध्ये नाझी पक्षाला ३७.३ टक्के मते मिळाली, हा त्याचा उच्चांक होता. नोव्हेंबर १९३२ मध्ये ती ३३.१ टक्क्यांवर घसरली. म्हणजे तीन मतदारांपैकी दोघांनी त्याला नाकारले होते. त्या हिवाळ्यात देशात साठ लाखांच्या आसपास माणसे बेकार होती, पहिल्या महायुद्धातल्या पराभवाचा सल ताजा होता आणि लोकांना कोणीतरी कणखर माणूस हवा होता, हे सगळे खरे. पण मते घसरत असलेला माणूस चॅन्सेलर झाला तो मतपेटीतून नव्हे. दिवाणखान्यात बसून चारदोन उमरावांनी आणि उद्योगपतींनी जे ठरवले, त्यातून झाला.

माजी चॅन्सेलर फ्रांत्स फॉन पापेन यांनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गना पटवले. हिटलरला गादीवर बसवू, पण मंत्रिमंडळात नाझी तीनच ठेवू; बाकीचे सगळे आपलेच जुने सनातनी. स्वतः पापेन उपचॅन्सेलर आणि माध्यमसम्राट हुगेनबर्ग अर्थखात्यावर! हिटलरला आपण भाड्याने घेतला आहे, असे ही मंडळी खुशीत म्हणत होती. ३० जानेवारी १९३३ रोजी शपथविधी झाला.

पण ते तीन नाझी कुठल्या खुर्च्यांवर बसले ते पाहा. हिटलर चॅन्सेलर. फ्रिक देशाचा गृहमंत्री. आणि गोअरिंगकडे प्रशियाचे गृहखाते. जर्मनीची सुमारे तीन पंचमांश लोकसंख्या प्रशियात होती. तिथले निवडून आलेले सरकार याच पापेन महाशयांनी जुलै १९३२ मध्ये हुकूम काढून बरखास्त केले होते. म्हणजे देशातले सर्वांत मोठे पोलीस दल गोअरिंगला आयतेच मिळाले. घरफोडी चोराने केली हे खरे, पण कुलूप आधीच मालकाच्या पाहुण्याने तोडून ठेवले होते.

आणखी एक गोष्ट. १९३० पासून जर्मनीचा कारभार संसदेच्या कायद्यांपेक्षा राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवरच अधिक चालला होता. राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाने आणीबाणीत तशी मुभा दिली होती. तीन वर्षांत लोकांना त्याची सवय झाली. संसद म्हणजे नुसती बडबड, असे शहाणीसुरती माणसे चहा पिताना म्हणू लागली. हुकूमशाहीला लागणारी जमीन अशी नांगरून ठेवलेली होती.

एका रात्रीचा हुकूम

सत्तेवर येताच हिटलरने नव्या निवडणुका जाहीर केल्या. ४ फेब्रुवारीच्या वटहुकमाने सभा आणि वृत्तपत्रे यांच्यावर बंधने आणली. २० फेब्रुवारीला गोअरिंगच्या निवासस्थानी बड्या उद्योगपतींची बैठक होऊन निवडणूक निधीची झोळी भरली. २२ तारखेला गोअरिंगने नाझींच्या एस.ए. आणि एस.एस. या टोळ्यांतल्या आणि मित्रपक्षाच्या 'स्टालहेल्म'मधल्या माणसांच्या दंडावर पांढऱ्या पट्ट्या बांधून त्यांना साहाय्यक पोलीस करून टाकले. त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. काल ज्यांनी रस्त्यावर डोकी फोडली, ते आज सरकारी अंमलदार झाले. मार खाणाऱ्याने तक्रार नोंदवायला जायचे कुठे?

२७ फेब्रुवारीच्या रात्री राइशस्टागची, म्हणजे संसदेची इमारत पेटली. आत मारिनुस फान देअर लुब्ब हा चोवीस वर्षांचा डच तरुण सापडला. आगीमागे आणखी कोण होते यावर विद्वानांचा वाद पुढे कित्येक दशके चालला. तो इथे बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. राख निवण्याच्या आत, २८ फेब्रुवारीला, हिंडेनबुर्ग यांच्या सहीने एक वटहुकूम निघाला. व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभा आणि संघटना यांचा हक्क, टपाल-तार-टेलिफोन यांची गुप्तता, घराच्या उंबरठ्याचे आणि मालमत्तेचे संरक्षण, हे सारे 'पुढील आदेशापर्यंत' स्थगित झाले. तो पुढचा आदेश कधीच आला नाही. १९४५ मध्ये जर्मनी बेचिराख होईपर्यंत हा तात्पुरता कागद लागू राहिला.

कागदावर कारण लिहिले होते कम्युनिस्टांच्या हिंसाचारापासून बचाव. कम्युनिस्ट कोणालाच आवडत नव्हते. चर्चला नाही, उद्योगपतींना नाही, मध्यमवर्गाला नाही; सोशल डेमोक्रॅटांशी तर त्यांचे हाडवैर. त्यामुळे काही दिवसांत हजारो माणसे तुरुंगात गेली तरी 'ते तसलेच आहेत' असे म्हणून शेजारी झोपी गेले. पण हुकमाच्या अंमलबजावणीत 'फक्त कम्युनिस्टांसाठी' अशी कुठलीही मर्यादा पाळायची नव्हतीच. पत्रकार कार्ल फॉन ऑसिएट्स्की कम्युनिस्ट नव्हते. त्यांनाही २८ फेब्रुवारीलाच उचलले.

अशा धाकदपटशात ५ मार्चला निवडणूक झाली. विरोधकांच्या सभा बंद, वृत्तपत्रे बंद, नेते गजाआड. तरीही नाझींना ४३.९ टक्केच मते पडली. ६४७ पैकी २८८ जागा. हुगेनबर्गच्या पक्षाच्या ५२ जागा धरून जेमतेम बहुमत झाले. तेव्हा पहिल्या विधानाचे उत्तर हे. लोकांनी निवडून दिला नाही; दिवाणखान्याने बसवला. आणि एकदा बसवल्यावरही, दंडुक्याच्या जोरावरसुद्धा, त्याला निम्मी मते मिळवता आली नाहीत.

तेवीस मार्च

पण राज्यघटना मोडायची तर साधे बहुमत पुरत नव्हते. दोन तृतीयांश मते हवी होती. हिटलरला हवा होता अधिकारप्रदान कायदा. संसदेला न विचारता, राज्यघटनेशी विसंगत असले तरी, चार वर्षे सरकारनेच कायदे करायचे, अशी त्यातली तरतूद होती. कायद्याची कलमे फक्त पाच.

इथे येतो केंद्र पक्ष, जर्मन भाषेत झेंट्रुम. हा रोमन कॅथलिकांचा पक्ष. कॅथलिक म्हणजे जर्मनीतला सुमारे एक तृतीयांश समाज, प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या देशातला अल्पसंख्याक. १८७० च्या दशकात बिस्मार्कने त्यांच्यावर मोहीमच काढली होती. जेझुइटांना हद्दपार केले, बिशपांना तुरुंगात टाकले, धर्मशिक्षणावर सरकारी देखरेख बसवली. देशाबाहेरच्या पोपशी निष्ठा ठेवणारे हे लोक जर्मनीशी इमानदार राहतील काय, असे त्यांना उघड विचारले जात होते. वाचकहो, हा सवाल ओळखीचा वाटतो ना? त्या छळात हा पक्ष तावूनसुलाखून निघाला होता. वायमार प्रजासत्ताकाच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता.

१९३३ मध्ये या पक्षाचे नेते होते मॉन्सिन्योर लुडविग कास, धर्मगुरू आणि धर्मकायद्याचे पंडित. हिटलरशी त्यांची बोलणी झाली. त्यांना काय हवे होते? आमच्या शाळा राहू द्या. चर्चचे हक्क अबाधित ठेवा. आमचे लोक सरकारी नोकरीतून काढू नका. पोपशी करार करा. मागण्या वाईट नव्हत्या. प्रत्येक मागणीमागे जुनी जखम होती. पण त्या साऱ्या मागण्या आपल्यापुरत्या होत्या. तुरुंगात गेलेल्या हजारोंविषयी, बंद पडलेल्या वृत्तपत्रांविषयी त्या यादीत ठाम अट नव्हती. हिटलरने सगळ्याला तोंड भरून होकार दिला. हमीचे पत्र लेखी देतो असेही कळवले.

२३ मार्चला क्रोल ऑपेरा हाउसमध्ये संसद भरली. सभागृहात आणि दारांशी एस.ए.चे तपकिरी गणवेश, बाहेर घोषणा देणारा जमाव. निवडून आलेल्या ८१ कम्युनिस्टांपैकी एकालाही येऊ दिले नव्हते. १२० सोशल डेमोक्रॅटांपैकी २६ जण अटकेत किंवा परागंदा होते. केंद्र पक्षाच्या बैठकीत माजी चॅन्सेलर ब्र्यूनिंग यांच्यासह काही जणांनी विरोध केला. पत्र कुठे आहे, असे विचारले गेले. पत्र येतेच आहे, असे उत्तर मिळाले. मतदानाची वेळ झाली. पत्र आले नव्हते. पक्षाने एकमुखाने होकारार्थी मत दिले.

बाजूने ४४४, विरोधात ९४. ती ९४ मते एकट्या सोशल डेमोक्रॅटांची. त्यांचे नेते ओटो वेल्स त्या सभागृहात उभे राहून विरोधात बोलले. पुढे त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९३९ मध्ये पॅरिसमध्ये, परागंदा अवस्थेतच ते वारले.

आता एक साधा हिशेब करू, कारण इथेच सगळे आहे. समजा एकालाही अटक झाली नसती आणि सर्वच्या सर्व ६४७ सभासद हजर असते. दोन तृतीयांश म्हणजे ४३२. होकारार्थी मते पडली ४४४. म्हणजे गजाआड टाकलेल्यांना मोजूनही कायदा संमत झाला असता! आणि केंद्र पक्षाची सत्तरहून अधिक मते त्यातून काढा. उरतात पावणेचारशेहून कमी, आणि कायदा पडतो. जीवाची भीती होती हे खरे. घरात बसून धैर्याचे सल्ले देणे मला पटत नाही. पण त्याच भीतीत ९४ माणसे नाही म्हणाली. तेव्हा हुकूमशाहीची सनद नुसत्या दंडुक्याने मिळाली नाही, होकाराने मिळाली. आणि तो निर्णायक होकार होता एका अल्पसंख्याक समाजाचा, आपल्यापुरत्या हमीच्या बदल्यात दिलेला.

उदारमतवाद्यांनी छाती पुढे काढण्याचे कारण नाही. त्यांच्या छोट्या स्टेट पार्टीच्या पाचही सभासदांनी होकारच दिला. त्यांतले एक थिओडोर हॉइस. पुढे १९४९ मध्ये ते पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. चांगली माणसेही वाईट कागदावर सही करतात, एवढेच त्यातून शिकायचे.

कायद्याने केले?

आता दुसरे विधान. २२ मार्चला, म्हणजे या मतदानाच्या आदल्या दिवशी, म्युनिकजवळ डाखाऊची छळछावणी सुरू झाली होती. १२ एप्रिलला तिथे चार कैद्यांना जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. पळून जात होते म्हणून मारले, असे सांगण्यात आले. चौघेही ज्यू होते. योझेफ हार्टिंगर नावाचा एक सरकारी वकील तपासाला गेला. सोबत सरकारी डॉक्टर मॉरिट्स फ्लाम. जखमा पाहून दोघांच्या लक्षात आले की पळणाऱ्याला अशा गोळ्या लागत नाहीत. पुढच्या आठवड्यांत छावणीत आणखी खून झाले. या दोघांनी शवविच्छेदने केली, जबाब घेतले आणि छावणीच्या मुख्याविरुद्धही आरोपपत्र तयार केले. खुनाचा कायदा रद्द झालेला नव्हता. कायदा होता, पुरावा होता, वकील होता. मग काय झाले? साहेबांनी आधी सही करायला नकार दिला. पुढे कागद मंत्र्याकडे गेले आणि टेबलाच्या खणात बंद झाले. युद्धानंतर अमेरिकनांना ते सापडले.

याला कायद्याचे राज्य म्हणायचे? हे तर कायद्याच्या कागदांचे राज्य. ज्या गुन्ह्याला जाळपोळीवर फाशी नव्हती, त्यासाठी मार्च १९३३ मध्ये मागच्या तारखेपासून फाशी लागू करणारा कायदा केला आणि त्यानुसार १० जानेवारी १९३४ रोजी लुब्बचा शिरच्छेद केला. ३० जून १९३४ ला हिटलरने आपल्याच एस.ए.चे पुढारी आणि जुने विरोधक मारून टाकले आणि ३ जुलैला एका वाक्याचा कायदा करून ते सगळे कायदेशीर ठरवले. गुन्हा आधी, कायदा नंतर! जे कायद्याने झाले ते न्यायाने झाले, असे मानणाऱ्याने निदान मुसलमान म्हणवून घेऊ नये. अदल हा शब्द आपल्याकडे दाराच्या चौकटीवर लावण्यापुरता नाही.

आजीचा धर्म

तिसरे विधान सर्वांत वाईट. 'त्यानं त्या लोकांना ओळखलं होतं.' कोणाला ओळखले होते? १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू होते सुमारे पाच लाख. साडेसहा कोटींत एक टक्काही नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना त्यांचे सुमारे बारा हजार तरुण मेले होते.

१ एप्रिलला त्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. दाराशी एस.ए.ची पोरे उभी केली. ७ एप्रिलला कायदा आला, नाव सोज्ज्वळ: व्यावसायिक सनदी सेवेची पुनर्स्थापना. 'बिगर-आर्य' नोकर घरी पाठवायचे. ११ एप्रिलला व्याख्या ठरली: आजी-आजोबा चार, त्यांतला एक जरी ज्यू असला तरी माणूस बिगर-आर्य. २५ एप्रिलला शाळा-कॉलेजांतल्या नव्या प्रवेशांत त्यांचा वाटा दीड टक्क्यावर आणला. प्रत्येकाने आपल्या आजीचा दाखला शोधत कचेऱ्यांत खेटे घालायचे. कागदपत्रे गोळा करण्याची ही धावपळ आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

बहिष्काराच्या त्या दिवसांत झेबास्टियान हाफनर हा तरुण उमेदवार वकील बर्लिनच्या न्यायालयाच्या ग्रंथालयात वाचत बसला होता. तपकिरी गणवेश आत आले. ज्यूंना बाहेर काढू लागले. एकाने हाफनरला विचारले, तू आर्य आहेस का? तो पटकन हो म्हणून गेला. ते खरेही होते. पण तेवढ्या एका 'हो'ची शरम त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली. प्रश्नच नाकारायला हवा होता, हे त्याला क्षणभर उशिरा सुचले. हाफनरचा 'हो' आणि त्या मांडवातली माझी चूप यांत मला फारसा फरक दिसत नाही.

१० मेला बर्लिनच्या ऑपेरा चौकात विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांच्या साक्षीने, पुस्तके जाळली. जाळलेल्यांत हाइनरिश हाइने या कवीचीही होती. हा ज्यू कुटुंबात जन्मलेला. त्याने १८२१ च्या सुमारास 'अल्मन्सोर' नावाचे नाटक लिहिले होते. विषय कोणता? स्पेनमधल्या मुसलमानांवर आलेले संकट. ग्रनाडाच्या चौकात कुराण जाळल्याची बातमी त्या नाटकात येते आणि ग्रंथ जाळणारे हात पुढे कुठे जातात, यावर त्यातला हसन एक वाक्य बोलतो. आज बर्लिनच्या त्याच चौकात ते वाक्य कोरलेले आहे. आपल्या कुराणासाठी शोक करणारी लेखणी एका ज्यू घरातली होती आणि ती जाळणारे हात 'त्या लोकांना ओळखणाऱ्या' हिटलरच्या चेल्यांचे होते. आता सांगा, ओळखायचे कोणाला?

हा वंशाचा चष्मा इस्लामलाही जुमानत नव्हता. हुगो मार्कुस हे ज्यू कुळातले विद्वान. त्यांनी १९२५ मध्ये इस्लाम स्वीकारला. बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फ भागात लाहोरच्या अहमदिया अंजुमनने बांधलेली मशीद होती. पंथाचा वाद इथे नको. त्या मशिदीच्या कारभारात मार्कुस वर्षानुवर्षे आघाडीवर होते. कलमा पढून काय उपयोग? राज्याच्या दफ्तरात आजीचाच धर्म मोजला गेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांना झाक्सनहाउझेनच्या छावणीत टाकले. त्यांच्या सुटकेसाठी मशिदीचे इमाम शेख मुहम्मद अब्दुल्ला धावले. १९३९ मध्ये मार्कुस स्वित्झर्लंडला पोचले. इमान म्हणजे काय हे त्या इमामसाहेबांना विचारा, मांडवातल्या टाळ्यांना नव्हे.

आणि आपल्याकडचे? बर्लिनमध्ये शिकताना डॉ. झाकिर हुसेन यांची गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू बाईंशी मैत्री झाली. हिटलरचे राज्य येत असतानाच त्या दिल्लीला जामिया मिल्लियात आल्या. मुलांची आपाजान झाल्या. १९४३ मध्ये इथेच वारल्या. जामियाच्याच कबरस्तानात त्यांची कबर आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात तर बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणून गाव त्यांना ओळखत होते. आपल्या आजोबांना त्यांच्यापासून कधी धोका वाटला होता काय?

जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल्-हुसैनी नोव्हेंबर १९४१ मध्ये बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले, हेही मी लपवत नाही. शत्रूचा शत्रू तो मित्र, हा हिशेब त्यांनी केला. त्यातून पॅलेस्टिनींना एक वीतभर जमीन मिळाली नाही. मिळाला तो कायमचा डाग. पॅलेस्टिनींचा हक्क न्यायाचा आहे. म्हणूनच त्याला हिटलरची साक्ष लागत नाही.

हमीचे काय झाले?

परत केंद्र पक्षाकडे येऊ. मतदानानंतर पाच दिवसांनी कॅथलिक बिशपांनी नाझी चळवळीविरुद्धचे आपले पूर्वीचे निर्बंध मागे घेतले. एप्रिलमध्ये कास रोमला निघून गेले. ते परत आलेच नाहीत. त्याच महिन्यात ज्यू घरातून कॅथलिक झालेल्या एडिथ श्टाइन या विदुषीने पोपना पत्र लिहून चर्चने बोलावे अशी विनवणी केली. जाहीर निषेध झाला नाही. १९४२ मध्ये आउश्विट्झला तिचा अंत झाला.

पाळी एकेकाची येत गेली आणि प्रत्येकाने आपल्यापुरती हमी मागितली. कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनी सोशल डेमोक्रॅटांशी अंतर ठेवले आणि १ मेच्या सरकारी सोहळ्यात सामील व्हायला कामगारांना सांगितले. २ मेला एस.ए.ने त्यांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. २२ जूनला सोशल डेमोक्रॅटांवर बंदी आली. जून संपायच्या आत हुगेनबर्गचा पक्ष विसर्जित झाला आणि 'भाड्याने घेणारे' हुगेनबर्ग मंत्रिपदावरून गेले. ५ जुलैला केंद्र पक्षाने स्वतःचे विसर्जन केले. १४ जुलैला नाझी पक्षाखेरीज दुसरा पक्ष काढणे हा गुन्हा ठरला. ३० जानेवारीपासून मोजा. एकशे पासष्ट दिवस. ज्यूंमधल्या माजी सैनिकांनाही आघाडीवर लढल्याबद्दल नोकरीतली सूट मिळाली होती. काहींनी तिच्यावर भरवसा ठेवला. १९३५ मध्ये तीही गेली.

कॅथलिकांना मात्र कागद मिळाला. २० जुलै १९३३ रोजी पोपशी करार झाला. शाळा, धर्मगुरू, संस्था, सगळ्याची हमी. वर्षाच्या आत, ३० जून १९३४ ला, बर्लिनमधले कॅथलिक पुढारी एरिश क्लाउझेनर यांना त्यांच्या कचेरीतच गोळी घातली. संस्था मोडल्या, शाळा गेल्या. १९३७ मध्ये पोप अकरावे पायस यांना जर्मन भाषेत परिपत्रक काढून करारभंगाची तक्रार करावी लागली. तक्रार कुठे करायची? न्यायालय, संसद, वृत्तपत्र, विरोधी पक्ष, ज्यांच्याकडे दाद मागायची ते सारे तर त्यांच्याच मतांनी २३ मार्चला संपले होते. हमी पाळायला लावणारी यंत्रणा विकून त्यांनी हमी विकत घेतली होती!

मार्टिन नीम्योलर या पाद्रीसाहेबांचा 'माझी पाळी आली तेव्हा बोलायला कोणी उरले नव्हते' हा कबुलीजबाब आपल्या सभांमध्ये नेहमी सांगितला जातो. तेच नीम्योलर आधी नाझींना मत देणारे होते, हे कोणी सांगत नाही. १९३७ मध्ये ते पकडले गेले. तो कबुलीजबाब म्हणूनच खरा आहे. तो बळीचा नव्हे, आधी सामील झालेल्याचा आहे.

आपले काय?

भारत म्हणजे जर्मनी नव्हे, आणि उठसूट तसे म्हणणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे. पण कास यांचे मन मला परके वाटत नाही. ते मी आपल्या जमातींच्या बैठकांत पाहिले आहे. आमचे मदरसे, आमचा कायदा, आमची वक्फची जमीन, एवढे सांभाळा; बाकी दलितांचे, आदिवासींचे, कामगारांचे, पत्रकारांचे काय व्हायचे ते होवो. निवडणुकीआधी पुढारी येतो, टोपी घालतो, आपल्यापुरती हमी देतो आणि आपण समाधानाने घरी जातो. दुसऱ्याला विनाचौकशी तुरुंगात ठेवणारा कायदा होतो तेव्हा आपण विचारतो, यात आपला कोणी आहे का? नसेल तर आपण पुढच्या विषयाकडे वळतो.

असा प्रश्न विचारणारा समाज आपला बचाव करीत नसतो. तो आपली पाळी पुढे ढकलत असतो. आपले हक्क वेगळ्या पेटीत ठेवता येत नाहीत. ज्या राज्यघटनेने ते दिले, ती कम्युनिस्टासाठी मोडली तर मौलानांसाठी शाबूत राहत नाही. म्हणून आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या बाजूने, त्याच्या हक्कापुरते का होईना, उभे राहणे ही उदारपणाची नव्हे, शहाणपणाची गोष्ट आहे. आणि ज्याने आपल्या देशातले शेजारी आजीच्या दाखल्यावरून मोजले, त्याची वाहवा करणे म्हणजे तोच दाखला उद्या आपल्याकडे मागायला मंजुरी देणे.

त्या तरुणाचा फोन नंबर मी मिळवला आहे. हा लेख छापून आला की अंक घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. तो चिडेल, वाद घालील. घालू दे. या खेपेस पानाचे तबक मी पुढे ओढणार नाही.